जर्मनीहून पुण्याला स्वस्तात जायचंय? मग हे बघ

अरे, परीक्षेची तारीख कन्फर्म झाल्याशिवाय तिकीट काढू नकोस, तारीख बदलायचे पैसे भरण्यात सगळी बचत जाते. आणि दोन वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडायच्या फंदात तर पडूच नको, पहिलं विमान लेट झालं की दुसऱ्याचे पैसे गेले, वर मधे बॅग स्वतः घ्यायची तर ट्रान्झिट देशाचा व्हिसा लागू शकतो. स्टुडंट फेअर, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीचं विमानभाडं बघ, कधीकधी बॅगेज जास्त मिळतं. फ्रँकफर्ट विमानतळापर्यंत सेमिस्टर तिकिटावर (विद्यार्थ्यांचा प्रवास पास) रिजनल ट्रेनने जा, आयसीई या लांब पल्ल्याच्या फास्ट ट्रेनमध्ये ते चालत नाही. मुंबईत पहाटे उतरलास तर दादरहून इंद्रायणी, नाहीतर शिवनेरी, एकट्यासाठी कॅब कशाला! रेसिडन्स परमिटचं (जर्मनीत राहायच्या परवान्याचं) कार्ड मात्र हँडबॅगेतच ठेव, परतताना लागतं.