वाचकांचे प्रश्न : मोठे स्पीकर आणि त्यांना पेलणारा अ‍ॅम्प्लिफायर

प्रश्न : माझ्याकडे बॉवर्स अँड विल्किन्सचे ८०२ डी३ हे मोठे स्पीकर आहेत. ऐकणे मुख्यतः ख्यालगायनाचे. एका परिचितांकडे ३००बी व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरपूर्वीच्या काचेच्या नळीचा) ८ वॉटचा सिंगल-एंडेड (एकच व्हॉल्व्ह संपूर्ण तरंग पेलतो असा) अ‍ॅम्प्लिफायर ऐकल्यापासून तोच घ्यावा असे मनात आहे. विक्रेता म्हणतो, ८ वॉट पुरणार नाहीत. परिचित म्हणतात, व्हॉल्व्हचे ८ वॉट ट्रान्झिस्टरच्या ५० वॉटच्या तोडीचे असतात. कोणाचे ऐकावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : वॉट कोणत्याही यंत्रातून आले तरी वॉटच असतात. आपल्या परिचितांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढेच, की व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर क्षमतेबाहेर गेला की त्याच्या तरंगाची शिखरे हळूहळू गोलावतात, ट्रान्झिस्टरची एकदम सपाट कापली जातात, आणि त्यामुळे पहिला थकलेला कानाला लवकर खुपत नाही. न खुपणे म्हणजे न थकणे नव्हे.

हिशेब असा करता येतो. या स्पीकरची संवेदनशीलता कंपनी ९० डेसिबल सांगते, म्हणजे २.८३ व्होल्ट (साधारण १ वॉट) दिले असता १ मीटरवर तेवढा आवाज. वॉट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, म्हणून ८ वॉटना ९९ डेसिबल. आपण ३ मीटरवर बसत असाल, तर अंतरामुळे होणारी घट, भिंतींवरून परतणारा आवाज आणि दोन स्पीकरची बेरीज धरून हाती ९५ डेसिबलच्या आसपास राहतात. विलंबित ख्यालाच्या आलापाला हे भरपूर आहे. परंतु तबल्याची एखादी जोरकस थाप सरासरी आवाजाच्या १५ ते २० डेसिबल वर सहज जाते, आणि तिथे आपला अ‍ॅम्प्लिफायर काठावर येतो. सांगायचे तर विक्रेत्याचा निष्कर्ष बरोबर आहे, कारण मात्र अपुरे आहे.

खरी अडचण वॉटची नसून इम्पिडन्सची, म्हणजे स्पीकर विजेच्या प्रवाहाला जो विरोध करतो त्याची, आहे. या स्पीकरच्या माहितीपत्रकात नाममात्र इम्पिडन्स ८ ओहम दिलेला असतो आणि शेजारीच, सहसा कोणी न वाचलेला, किमान आकडा ३ ओहम असतो. म्हणजे इम्पिडन्स स्थिर नसून स्वराच्या उंचीप्रमाणे बदलतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स सामान्यतः ०.१ ओहमपेक्षा कमी असतो, तर फीडबॅक (चूक सुधारण्यासाठी बाहेरचा सिग्नल थोडा परत आत आणणे) नसलेल्या ३००बी अ‍ॅम्प्लिफायरचा तो २ ओहम किंवा त्याहून जास्त असू शकतो. समजा तो २ ओहम आहे, आणि स्पीकरचा इम्पिडन्स एका स्वरपट्ट्यात ३ ओहम, तर दुसऱ्यात २० ओहम आहे. व्होल्टेज या दोन्ही इम्पिडन्समध्ये वाटले जाते, म्हणून पहिल्या ठिकाणी सुमारे ४.४ डेसिबल गळतात, दुसऱ्या ठिकाणी जेमतेम ०.८. हा साडेतीन डेसिबलांहून मोठा फरक कानाला स्पष्ट जाणवतो. तो रेकॉर्डिंगमध्ये नव्हता, आपल्या जोडणीने निर्माण केला. ०.०५ ओहमच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरवर हाच फरक ०.१ डेसिबलच्या आसपास राहतो. मोठ्या तीन-मार्गी स्पीकरमध्ये इम्पिडन्सचा खड्डा बऱ्याचदा खर्जाच्या भागात पडतो. तसा तो आपल्याकडे पडला असेल, तर गायकाचा आवाज मोहक वाटेल आणि डग्गा पोकळ. परिचितांकडे जे आवडले, त्यात त्यांच्या स्पीकरचा वाटा किती होता, हे म्हणूनच आधी तपासावे.

डॅम्पिंग फॅक्टरच्या, म्हणजे स्पीकरचा इम्पिडन्स आउटपुट इम्पिडन्सच्या किती पट आहे या आकड्याच्या, जाहिरातींना मात्र फार भुलू नये. वूफरची (खर्ज वाजवणाऱ्या पडद्याची) हालचाल आवरायला कमी आउटपुट इम्पिडन्स लागतो हे खरे, पण व्हॉइस कॉइलचा आणि क्रॉसओव्हरमधील (स्वर उंचीनुसार वेगवेगळ्या पडद्यांना वाटणाऱ्या मंडलातील) वेटोळ्याचा रोध मधे असतोच. त्यामुळे हा आकडा ५० वरून ५०० वर गेला तरी प्रत्यक्षात फारसे पदरात पडत नाही.

माझा कौल असा. ४ ओहमवर जवळजवळ दुप्पट शक्ती देणारा, १५० ते २०० वॉटचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर या स्पीकरला शोभेल. व्हॉल्व्हच हवे असतील, तर पुश-पुल (व्हॉल्व्हची जोडी तरंग वाटून पेलते अशा) रचनेचा आणि फीडबॅक असलेला घ्यावा; मॅकिंटॉशचा एमसी२७५, जो १९६१ मध्ये प्रथम आला आणि केटी८८ व्हॉल्व्हवर ७५ वॉट देतो, हे त्याचे जुने आणि उत्तम उदाहरण. स्पीकर ८ ओहमचा म्हणवला तरी तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या ४ ओहमच्या टॅपला (जोडणीच्या टोकाला) जोडून पाहाव्यात. आउटपुट इम्पिडन्स कमी होतो आणि खर्ज सावरतो. ३००बीवरच जीव जडला असेल, तर स्पीकर बदलावा लागेल. १९४६ पासूनचा क्लिपशॉर्न हा हॉर्न स्पीकर कंपनीच्या दाव्यानुसार १०५ डेसिबलचा आहे. त्याला ८ वॉट पुरून उरतात.

प्रश्न : माझ्या स्पीकरना जोडणीचे दोन संच आहेत. वूफरला ट्रान्झिस्टर आणि वरच्या भागाला लहान व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर लावल्यास दोन्हींचे गुण मिळतील का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : मिळू शकतात, मात्र तीन गोष्टी पाहाव्या लागतात. जोडणीच्या दोन्ही संचांमधील धातूच्या पट्ट्या काढणे ही पहिली. त्या राहिल्यास दोन अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांना जोडले जाऊन नुकसान होईल. दुसरी, दोघांचा गेन (सिग्नल किती वाढतो ते) जुळवणे: एकाचा २६ आणि दुसऱ्याचा २९ डेसिबल असेल, तर स्पीकरचा तोल ३ डेसिबलने ढळलेला राहील. तिसरी गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. क्रॉसओव्हर स्पीकरच्या आतच असल्यामुळे वरच्या अ‍ॅम्प्लिफायरलाही संपूर्ण सिग्नल मिळतो. त्याला खर्जाचा प्रवाह पुरवावा लागत नाही, परंतु खर्जाचे व्होल्टेज उभे करावेच लागते, आणि ८ वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर तिथेच तुटतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी खर्ज गाळणारा इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हर बसवला, तरच या मांडणीचा खरा लाभ होतो.

प्रश्न : १९५७ चे क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर मिळाले आहेत. २०० वॉटचा नवा अ‍ॅम्प्लिफायर लावू का? — एक वाचक, पणजी

उत्तर : लावू नये. हे स्पीकर क्वाडच्याच १५ वॉटच्या क्वाड २ या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या सोबतीने वाजवले जात. मोठ्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरच्या व्होल्टेजने या स्पीकरच्या विद्युतभारित पातळ पडद्यात ठिणगी पडून तो निकामी होऊ शकतो. त्यातच त्यांचा इम्पिडन्स अगदी वरच्या स्वरांत २ ओहमच्या आसपास उतरतो. चांगल्या स्थितीतील १५ वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर पुरेसा आहे. जोडताना तो बंद असावा, आणि स्पीकर जोडल्याशिवाय तो कधीही सिग्नल देऊन चालवू नये, कारण त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.