नागपूरला परत जाशील तेव्हा

पोरी, नागपूरला परत निघालीस, बरं केलंस. मीही नवरा गेल्यावर आर्वीहून तशीच निघाले होते.

पण बॅग भरण्याआधी तलाठ्याकडं जा. वारस नोंदीचा अर्ज मृत्यूपासून तीन महिन्यांत द्यायचा असतो, सोबत मृत्यूचा दाखला. मग फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव चढतं. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याच्या नावच्या जमिनीत तू, लेकरं अन् सासूबाई, सगळ्यांचा हिस्सा सारखा. उद्या दुसरं लग्न केलंस तरी मिळालेला हिस्सा जात नाही. मले हे कोणी सांगितलंच नाही. हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी झाले! त्या बदल्यात एक कप चहा मिळाला, तोही फिका.

खोली मेट्रो स्टेशनाजवळ बघ, अन् कूलर लागेल अशी खिडकी आहे का ते आधी पाह्य. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो बाप्पा.

फुटाळा तलावावर पहिले काही महिने जाऊ नको. मी अन् माझा पहिला नवरा तिथंच भेटायचो. एकटी गेले, तर भाजलेलं कणीस हातात धरून रडत बसले. कणीसवाला पैसे घेईना. सीताबर्डीच्या गर्दीत मात्र खुशाल फिर, तिथं कोणी चेहरा वाचत नाही.

पुन्हा कोणी आवडलंच तर? आवडू दे. आमचे हे मले तर्री-पोह्याच्या ठेल्यावर भेटले, तेही सहा वर्षांनी. गावात महिनाभर कुजबुज झाली, मग सोयाबीनचे भाव पडले अन् लोकांना दुसरा विषय मिळाला.

तान्ह्या पोळ्याला लेकराला आजीकडं ने. लाकडी बैल माझ्याकडं पडून आहे, घेऊन जा.