कुठे उतरणार? : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या महिन्यात आलेली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीवर आहेत, नोकरी गेली, नोकरी लागत नाही, पोराला लागत नाही. सगळी छापणं शक्य नाही म्हणून तीन घेतलीत, नावगाव काढून. पहिल्याचं उत्तर लांबलंय, संपादक कुरकुरलेत पण असू दे.

प्रश्न : ताई नमस्कार. मी ३९ वर्षांची, डोंबिवलीला राहते. ऐरोलीत एका विमा कंपनीच्या बॅक ऑफिसला क्लेम्समध्ये १३ वर्षं होते. मे महिन्यात आमची अख्खी टीम दुसऱ्या शहरात हलवली आणि आम्हाला एका दुपारी मीटिंग रूममध्ये एकेकाला बोलवून राजीनामे लिहून घेतले. दोन महिन्यांचा पगार दिला, ग्रॅच्युइटीचं विचारलं की 'प्रोसेसमध्ये आहे' एवढंच. सात महिन्यांत पोर्टलवर दोनशेच्या आसपास अर्ज केले असतील, सहा कॉल आले, दोन इंटरव्ह्यू झाले, त्यातले एक जण ५२ हजारांच्या जागी २८ देतो म्हणाले. घरी फक्त नवऱ्याला माहितीये. सासूसासऱ्यांना सांगितलंय की मला वर्क फ्रॉम होम दिलंय, त्यामुळे मी रोज साडेनऊला बेडरूममध्ये लॅपटॉप उघडून बसते. सासूबाई माझी मीटिंग असेल म्हणून टीव्ही म्यूट करून सिरियल बघतात, कुकरसुद्धा मी बाहेर आल्यावरच लावतात. परवा शेजारच्या काकूंना त्या 'हळू बोला, आत काम चाललंय' म्हणाल्या आणि मला आत रडूच आलं. विचारायचं असं की गॅप दिसू नये म्हणून सीव्हीत 'फ्रीलान्स कन्सल्टंट' टाकू का, २८ ची घेऊ का, आणि माझ्यातच काही खोट आहे का?

उत्तर : तुला अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

खोटेचं आधी बोलू. मी बरीच वर्षं भरतीच्याच धंद्यात काढली त्यामुळे टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते सांगते. मार्केट स्लो असतं तेव्हा सगळीकडे लोकांना काढतच असतात असं नाही, खरी गंमत अशी असते की कोणी स्वतःहून सोडत नाही. एरवी एक जण जास्त पगारावर जातो, त्याच्या जागी दुसरीकडून कोणीतरी येतो, त्याची जागा तिसरा भरतो, असं एका राजीनाम्यामागे तीन-चार खुर्च्या हलतात. भीती वाटायला लागली की तो पहिला माणूसच बूड हलवत नाही, म्हणजे मागच्या तिघांचंही अडलं. आणि चुकून कोणी गेलाच तर वरून मेल येतो, रिप्लेसमेंट होल्डवर ठेवा, काम टीममध्ये वाटून घ्या. पण पोर्टलवरची जाहिरात मात्र तशीच असते! ती काढायची कोणाला आठवणच नसते, किंवा पुढेमागे लागतील म्हणून सीव्ही गोळा करत बसतात. तुझ्या दोनशेतले कितीतरी अर्ज अशा जागांना गेलेत ज्या जागा नव्हत्याच. ते नकार म्हणून मोजूच नकोस.

आता तू डोंबिवलीची म्हणजे तुला हे सांगायलाच नको. संध्याकाळी सीएसएमटीवरून लेडीजमध्ये चढलं की उभी बाई पहिलं काय करते? बसलेल्यांना विचारत सुटते, कुठे उतरणार? घाटकोपर, मुलुंड, ठाणे. जी मुलुंड म्हणाली तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं, सीट बुक. मुलुंडला ती उठते तेव्हा ती सीट तिथून जाणाऱ्या कोणालाही मिळत नाही, ज्या बाईने भायखळ्यालाच विचारून ठेवलंय तिलाच मिळते. स्लो मार्केटमध्ये नोकऱ्या अगदी अश्शाच लागतात. कोणाची डिलिव्हरी आहे, कोणाच्या नवऱ्याची बदली झालीये, कोणता क्लायंट नवीन आलाय, हे आतल्यांना महिना-दोन महिने आधी माहीत असतं आणि जागा जाहिरातीपर्यंत पोचायच्या आत भरून जाते. पोर्टलवर अर्ज टाकणं म्हणजे दारात लटकून कोणीतरी हाक मारेल म्हणून वाट बघणं. ते करायचंच, प्रोफाइलला दर दोन-चार दिवसांनी हात लावत जा कारण उमेदवार शेवटचा कधी अ‍ॅक्टिव्ह होता त्यावर रिक्रूटर लोक फिल्टर लावतात, पण त्याला दिवसाचा एक तास बास.

आणि मग येतो तो तुझा बेडरूम. तू उभी आहेस हेच कोणाला माहीत नाही तर तुला सीट कोण देणार?

माझंच सांगते. भरतीच्या धंद्यात यायच्या आधी मी बॅलार्ड पिअरला एका शिपिंग एजन्सीत डॉक्युमेंटेशनला होते. २००८ साली जहाजांच्या भाड्याचं जे काही झालं ते आज कोणाला आठवत नसेल, बाल्टिक ड्राय इंडेक्स म्हणून त्या भाड्याचा निर्देशांक असतो तो मे महिन्यात ११ हजारांच्या वर होता आणि डिसेंबरात ७०० च्या खाली. आम्हाला आकडे कोण सांगतंय, आम्हाला एवढंच दिसत होतं की टाईप करायच्या बिल ऑफ लेडिंगचे, म्हणजे जहाजावरच्या मालाच्या पावत्यांचे, गठ्ठे बारीक होत चाललेत आणि चहावाला दोनाऐवजी एकच फेरी मारतोय. फेब्रुवारीत मी घरी. माझ्या ट्रेनच्या ग्रुपमधली एक जण जूनमध्ये दादरला भेटली, 'काय गं दिसत नाहीस', मी म्हटलं टायमिंग बदललंय, सकाळची लवकरची पकडते. ती एका सीएचएकडे (मालाचे कस्टमचे कागद करणाऱ्या एजंटकडे) होती. नंतर कळलं की त्याच महिन्यात त्यांच्याकडची डॉक्युमेंटेशनची मुलगी सोडून गेली आणि यांना आठ दिवसांत कोणीतरी हवं होतं, एका क्लार्कच्या मेहुणीला घेतलं, जिला काम शिकवण्यात सहा महिने गेले म्हणे. एका 'टायमिंग बदललंय'पायी माझे अजून सहा-सात महिने गेले. ट्रेनच्या त्या मैत्रिणीने मला फोनवर जी शिवी दिली ती इथे छापता येणार नाही.

तेव्हा सासूबाईंना सांग. आजच संध्याकाळी, नवऱ्याला शेजारी बसवून. ज्या बाई तुझ्यासाठी सात महिने मुकी सिरियल बघतायत त्या तुला घराबाहेर काढणार नाहीयेत. दुखावतील, चार दिवस धुसफूस होईल, होऊ दे. आणि मग बघ, त्यांची भजनी मंडळाची व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची पोच तुझ्या लिंक्डइनपेक्षा जास्त निघेल, मी गंमत करत नाहीये.

फ्रीलान्स कन्सल्टंट वगैरे अजिबात टाकू नकोस. बॅकग्राउंड चेकमध्ये यूएएनवरून, म्हणजे तुझ्या पीएफच्या नंबरावरून, पीएफचा इतिहास बघतात, त्यात मे महिन्यात सोडल्याची तारीख स्वच्छ दिसते. सरळ लिही, टीम दुसऱ्या शहरात हलवल्याने मे मध्ये नोकरी संपली. एक ओळ. आत्ता इंटरव्ह्यू घेणाऱ्या माणसाच्याही घरात असं कोणीतरी असतं, त्याला नवल वाटत नाही. शोधाशोध होते ती लपवाछपवीची.

शोधायचं कुठे तर फक्त विमा कंपन्या आणि टीपीए (त्यांच्या वतीने क्लेम बघणाऱ्या एजन्सी) एवढंच बघू नकोस. मोठ्या हॉस्पिटलात जो कॅशलेसचा डेस्क असतो ना, तिथे काय काम असतं? कंपनी कुठल्या कागदावर क्वेरी काढेल ते आधीच ओळखून फाईल पाठवायची. तू १३ वर्षं त्या क्वेऱ्या काढत होतीस! २०२४ च्या मे महिन्यात आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांच्या सरकारी नियामकाने, नियम केलाय की कॅशलेसच्या अर्जावर तासाभरात निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत फायनल मंजुरी, त्यामुळे हॉस्पिटलच्या बाजूलाही फाईल पहिल्या फटक्यात नीट भरणारा माणूस लागतो. डोंबिवली, कल्याण, ठाण्यात केवढी हॉस्पिटलं आहेत. ज्यांच्या क्लेम फाईली तू वर्षानुवर्षं बघितल्यास त्या डेस्कवरच्या लोकांची नावं तुला पाठ असतील, त्यांना फोन कर. सीव्ही पाठवू का असं विचारू नकोस, तुमच्याकडे कोणी सोडतंय का ते विचार. म्हणजेच, कुठे उतरणार.

२८ हजारांचं म्हणशील तर ते काम कोणतं आहे ते तू लिहिलंच नाहीस. क्लेम्सचं असेल आणि तिथे बसून रोज हॉस्पिटलवाल्यांशी, टीपीएवाल्यांशी बोलणं होणार असेल तर घे बाई, निम्म्या पगाराचं वाईट वाटतं पण आतून विचारणाऱ्याला उत्तर लवकर मिळतं. नुसतं टेलिकॉलिंग असेल तर सोड. फक्त नोटीस पिरियड वाचून घे, २८ हजारांवर ९० दिवसांची नोटीस सही करून बसलीस तर पुढची सीट रिकामी झाली तरी उठता येणार नाही.

राहिली ग्रॅच्युइटी. ही प्रोसेसमध्ये नसते, ही देणं असते. राजीनामा तू दिलास की त्यांनी लिहून घेतला याने फरक पडत नाही, पाच वर्षं झाली की हक्क लागू. हिशोब असा, शेवटचा बेसिक अधिक डीए, त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि वर्षांनी गुणायचं. तुझी १३ वर्षं म्हणजे बरोब्बर साडेसात पट येतं. बेसिक समज २२ हजार असेल तर १ लाख ६५ हजार झाले की! ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासकट. एचआरला तोंडी विचारत बसू नकोस, मेल कर, तारखेसकट, आणि उत्तर नाही आलं तर कामगार खात्यात ग्रॅच्युइटीसाठी वेगळा अधिकारी असतो त्याच्याकडे अर्ज. या रकमेवर तुमचे चार-पाच महिने निघतील आणि पीएफला हात लावायची वेळ येणार नाही.

प्रश्न : मी २३, नालासोपारा, बीएस्सी आयटी. अंधेरीच्या एका कन्सल्टन्सीने व्हॉट्सअ‍ॅपवर इंटरव्ह्यू घेऊन ऑफर लेटर दिलंय, ट्रेनिंग आणि लॅपटॉप डिपॉझिटचे १४,५०० आधी भरायचे, पहिल्या पगारात परत. पप्पा उसने आणायला तयार आहेत. भरू का?

उत्तर : नाही.

पगार देणारा माणूस आधी पैसे घेत नाही, लॅपटॉपचेही नाही, युनिफॉर्मचेही नाही, बसून जेवायचेही नाही. पत्ता दिलाय ना अंधेरीचा, पप्पांना घेऊन एकदा जाऊन ये, बहुतेक तिथे झेरॉक्सचं दुकान निघेल. आणि पैसे आधीच पाठवले असशील (तू 'भरू का' लिहिलंयस पण मला शंका आहे) तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन कर, पहिल्या काही तासांत केला तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते. लाजू नकोस, तुझ्यापेक्षा शहाणे फसलेत.

तुझ्या वयाला मला अप्रेंटिसशिप बरी वाटते. ग्रॅज्युएटसाठी एनएटीएसचं (केंद्राच्या अप्रेंटिसशिप योजनेचं) सरकारी पोर्टल आहे तिथे नाव घाल. राज्याने २०२४ मध्ये काढलेली कार्य प्रशिक्षण योजना पण होती, ग्रॅज्युएटला महिना १० हजार विद्यावेतन, आत्ता तुझ्या भागात भरती चालू आहे का ते कौशल्य विकासच्या ऑफिसात विचार. तिथून पर्मनंट होता येतं असं समजू नकोस हं, खूप मुलं त्या आशेवर राहिली आणि चिडली. काही महिने कुठल्यातरी ऑफिसात बसायला मिळतं, चार लोक ओळखीचे होतात, एवढंच त्याचं मोल धर.

प्रश्न : मी लालबागचा, जुना गिरणी कामगार. ८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच, पुढे वॉचमनकी केली. मुलगा ३१ वर्षांचा, अकाउंट्सला होता, वर्ष झालं घरी आहे. दिवसभर मोबाईलवर अर्ज करतो म्हणतो. मी म्हणतो आम्ही बदली कामगार म्हणून रोज सकाळी गिरणीच्या गेटवर उभे राहायचो, तू पण जा, चार ऑफिसांच्या दारात उभा राहा. तर हसतो. मी त्याच्या सीव्हीच्या झेरॉक्स काढून खिशात ठेवतो आणि भेटेल त्याला देतो, त्यावरून घरात भांडणं होतात. एक कॉपी सोबत पाठवतोय. कोण बरोबर?

उत्तर : काका, हसतो ते अगदीच चुकीचं नाही. तुमच्या गिरण्यांच्या जागी लोअर परळला ज्या काचेच्या बिल्डिंगा झाल्यात त्यांच्या गेटवर तुमच्यासारखाच कोणीतरी वॉचमन असतो आणि आतून पास आल्याशिवाय तो त्याच्या सख्ख्या भावाला सोडत नाही. पण तुम्हीसुद्धा आठवून बघा, नुसतं गेटवर उभं राहून बदली लागायची का? आत माणसं लावून घेणारा जॉबर असायचा, खात्यात गाववाला असायचा, आज अमुक आला नाही हे तो सांगायचा, मग तुम्हाला आत घ्यायचे. मुलाला ही गोष्ट सांगा, गेटची नको, त्या गाववाल्याची सांगा. त्याच्या जुन्या ऑफिसातले, त्याच्या बॅचचे, ज्या सीएकडे त्याचं ऑडिट व्हायचं तो, यांना त्याने फोन केलेत का एवढंच विचारा, आणि एकदाच विचारा. अकाउंट्सवाल्याला सीएच्या ऑफिसात मार्चच्या तोंडावर आणि पुढे रिटर्न-ऑडिटच्या महिन्यांत हंगामी काम निघतं, सप्टेंबरपर्यंत ओढता येतं, ते कमीपणाचं मानू नको म्हणावं.

भांडणाचं म्हणाल तर वर्षभर घरी बसलेल्या माणसाला सकाळचा पेपर बापाच्या आधी उचलायचीसुद्धा चोरी वाटते, तेवढं सांभाळून घ्या.

तुमच्या झेरॉक्सच्या मी बाजूने आहे. मंडळाच्या ऑफिसात, बँकेत, दवाखान्यात, द्या बिनधास्त, फक्त त्याला विचारून द्या. आणि नवीन काढा. तुम्ही पाठवलेल्या कॉपीवरचा नंबर मी दोनदा लावून बघितला, दोन्ही वेळा 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' आलं.