बाबांना घेऊन पुण्यात सायकलवर जिओकॅशिंग: मे महिन्यात कसं जमवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६१ वर्षांचे, कॉलेजला रोज सायकलने जायचे, पण गेली पंधरा वर्षं सायकलला हात लावलेला नाही. तुम्ही मे महिन्यात सुट्टीवर पुण्यात आहात आणि दोघांनी मिळून सायकलवर जिओकॅशिंग करायचं आहे. कुठे जावं, काय तयारी लागेल?

आधी रस्ता ठरवा, कॅश (म्हणजे जीपीएसवर शोधायचा लपवलेला डबा) नंतर. बहुतेक जण उलटं करतात. नकाशावर जिथे कॅशचे ठिपके जास्त दिसतात तिथे निघतात आणि मग भर रहदारीत, उड्डाणपुलाच्या चढावर बाबांचा दम निघतो. मे महिन्यात पुण्यात सावली आणि घड्याळ या दोनच गोष्टी महत्त्वाच्या. उजाडतं सहाच्या सुमारास. पावणेसहाला निघा, साडेआठला घरी या. एकूण १२ किलोमीटर, ताशी १० ते १२ च्या वेगाने, म्हणजे सव्वा तासाच्या आत सायकल. तीन कॅश, प्रत्येकी २० मिनिटं. उरलेला वेळ चहाला. चौथी कॅश घेऊच नका. शोधण्याच्या नादात ऊन कधी चढलं ते कळत नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: कुणीतरी डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, बाकीचे जीपीएसवर तो शोधतात, आतल्या वहीत नाव-तारीख लिहून डबा होता तसा परत ठेवतात. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक बंद केली आणि त्यानंतर दोन दिवसांतच ओरेगॉनमध्ये पहिला डबा ठेवला गेला. प्रत्येक कॅशला दोन आकडे असतात, शोधायला किती अवघड आणि वाट किती अवघड, दोन्ही १ ते ५. बाबांसोबत दोन्ही आकडे २ च्या आत ठेवा.

जिओकॅशिंगच्या मूळ ॲपवर विनाशुल्क खातं पुरतं, मात्र त्यात सगळ्या कॅश दिसत नाहीत. काही फक्त पैसे भरलेल्या सदस्यांसाठी असतात. अँड्रॉइडवर सी:जिओ हे वेगळं ॲपही चालतं. ठिपका दिसला म्हणजे डबा आहे असं समजू नका. आपल्याकडे डबे गायब होण्याचं प्रमाण मोठं: झाडलोट, रंगरंगोटी, रस्त्याचं काम, भंगारवाले. म्हणून आधी शोधून गेलेल्यांनी ॲपवर केलेल्या शेवटच्या पाच नोंदी वाचा. लागोपाठ तीन ‘सापडली नाही’ असतील किंवा दोन वर्षांत कुणी फिरकलेलं नसेल, तर ती यादीतून काढा. पहिलीच कॅश हाती लागली नाही की नवख्या माणसाचा उत्साह मावळतो, त्यामुळे सर्वांत खात्रीची कॅश पहिली ठेवा. अर्थकॅश नावाचा प्रकारही पाहा. त्यात डबाच नसतो. जागेवर जाऊन दगडाचं, भूरचनेचं निरीक्षण करायचं आणि उत्तरं कॅशच्या मालकाला पाठवायची. चोरीला जाण्यासारखं काही नसल्याने शहरात हा प्रकार टिकतो.

अक्षांश हाताने टाकणार असाल तर एक चूक हमखास होते. जिओकॅशिंगमध्ये आकडे अंश आणि दशांश मिनिटांत असतात: उत्तर १८° ३१.२५०', पूर्व ७३° ५१.०००'. हे नकाशाच्या ॲपमध्ये १८.३१२५ आणि ७३.५१ असं टाकलंत तर बाण शहर सोडून ४० किलोमीटरवर, सह्याद्रीपलीकडे रायगडाच्या बाजूला जाईल. मिनिटांना ६० ने भागायचं: १८.५२०८३ आणि ७३.८५. शेवटच्या आकड्यातला १ चा फरक म्हणजे जमिनीवर दोन मीटरांहून थोडं कमी.

आता सायकल. पंधरा वर्षं पडून असलेली सायकल हवा भरून बाहेर काढू नका. टायरच्या कडेला बारीक भेगा दिसल्या तर टायर-ट्यूब दोन्ही बदला. ब्रेकचे रबर दगडासारखे कडक झालेले असतात. ते दाबले तरी रिमवर नुसते घसरतात, म्हणून नवीन घाला. तारा गंजल्या असतील तर त्याही. चेन पुसून तेलाचे थेंब कडीकडीवर सोडा, मग वरचं तेल फडक्याने टिपून घ्या, नाहीतर पुण्याची धूळ त्यावर बसून तिची सहाण होते. हवा टायरच्या कडेवर लिहिलेल्या मर्यादेत भरा; साध्या २६ इंची जाड टायरला साधारण ४० ते ५० पीएसआय. उन्हाने टायर फुटतो म्हणून हवा कमी ठेवण्याची पद्धत आहे, ती चुकीची. २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेलं तरी ५० चे फार तर ५४ होतात. फुटतो तो जुना टायर किंवा पेट्रोलपंपाच्या कॉम्प्रेसरने एका झटक्यात जास्त भरलेला. कमी हवेचा टायर मात्र खड्ड्यात रिमवर आपटतो आणि ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात.

सीटची उंची हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग, आणि या वयात गुडघे तिथेच दुखावतात. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. पहिले दोन-तीन दिवस सीट दोन सेंटिमीटर खाली चालेल, तोल गेला तर पाय टेकतात. नंतर आठवणीने वर घ्या. निघण्याआधीच्या आठवड्यात बाबांना सोसायटीच्या आवारात किंवा शांत गल्लीत २० मिनिटांच्या तीन-चार फेऱ्या मारू द्या. सायकल चालवणं विसरत नाही हे खरं, पण एका हाताने खूण करून मागे वळून बघणं विसरतं, आणि रस्त्यावर तेच लागतं. हेल्मेट दोघांनाही हवं, आणि अंधारात निघताय तर मागचा लाल दिवाही.

रस्त्यावर बाबा पुढे, तुम्ही मागे. वेग त्यांचा राहतो, आणि मागून येणाऱ्या गाड्यांकडे तुमचं लक्ष राहतं. पण मग वाट दाखवणारा मागे पडतो. त्यावर सोपा उपाय: वळणं कागदाच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या हँडलला चिकटवा. मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तर उतरून, सायकल ढकलत ओलांडा.

कुठे? दोन फेऱ्या सुचवतो. पहिली, रविवारी पहाटे पेठांची: डेक्कन, पाताळेश्वर, शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती आणि परत. सपाट रस्ता, अंतर थोडं, पावलापावलावर थांबायला जागा. पाताळेश्वर एकसंध बेसॉल्टमध्ये कोरलेलं आहे. दख्खनच्या लाव्हाचा थर शहराच्या मधोमध हात लावून बघायला मिळतो. जंगली महाराज, फर्ग्युसन, बाजीराव आणि शिवाजी रस्ता एकेरी आहेत. पहाटे रिकामे असले तरी उलट शिरू नका. दुसरी फेरी कोरेगाव पार्कच्या वडाच्या सावलीतून बंडगार्डनला, १८६७ च्या फिट्झगेराल्ड पुलाकडे. उन्हाळ्यासाठी मला हीच जास्त आवडते. आगाखान पॅलेस आतून बघायचा असेल तर वेगळ्या दिवशी जा, तो उघडेपर्यंत ऊन डोक्यावर येतं. खडकवासल्याचा मोह पहिल्या वेळी टाळा. जाताना गंमत वाटते, परतताना सिंहगड रस्त्याची रहदारी आणि नऊचं ऊन दोन्ही एकदम भेटतात. वेताळ टेकडीवर कॅश हवी असेल तर सायकल खाली कुलूप लावून ठेवा आणि चालत चढा.

फोन हँडलवर उघडा लावला तर मे महिन्यात तापतो आणि स्क्रीन आपोआप मंद होते. पिशवीत ठेवा, नकाशा घरूनच डाउनलोड करा. चुंबकाचं कव्हर किंवा होल्डर असेल तर काढा, त्याने फोनचं होकायंत्र चुकतं आणि बाण भलतीकडे दाखवतो.

कॅशपासून १० मीटरवर आलात की बाण विसरा. उघड्या आकाशाखाली फोनची चूक तीन ते पाच मीटर असते, दाट झाडाखाली किंवा वाड्यांच्या गल्लीत पंधराच्या पुढेही जाते. एक मिनिट स्थिर उभे राहा, आकडा स्थिरावू द्या, मग फोन खिशात. आता नजर फिरवा: नीट रचलेले दगड, रेलिंगच्या आतली बाजू, झाडाची ढोली. डबा कुठे आहे याचा इशारा कॅशच्या पानावर सांकेतिक लिपीत असतो, इंग्रजी वर्णमालेत प्रत्येक अक्षर १३ घरं पुढे सरकवलेलं. ॲप एका बोटात उलगडून देतं, पण कागदावर लिहून बाबांना सोडवायला दिलंत तर त्यांना खेळात खरी जागा मिळते. ढोलीत किंवा कपारीत हात घालू नका. आधी काठीने चाचपडा, टॉर्चने बघा; विंचू, घोणस दोन्ही शहरात आहेत. पुलाच्या कमानीखाली आग्या मोहोळ दिसलं तर ती कॅश सोडा.

फिरायला आलेले काका-काकू ‘काही हरवलंय का?’ असं विचारणारच. लपवाछपवी करण्यापेक्षा ‘जीपीएसचा खेळ आहे’ असं सांगा आणि ते पुढे जाईपर्यंत डबा काढू नका. पोलिसांनी विचारलं तर ॲपवरचं पान दाखवा. बेवारस वस्तूची भीती या शहराला विनाकारण नाही. बाण लष्कराच्या कुंपणाकडे, दारूगोळा कारखान्याच्या किंवा धरणाच्या भिंतीकडे दाखवत असेल तर तिथूनच मागे फिरा आणि फोटो काढू नका.

सोबत इतकं पुरे: माणशी दीड लिटर पाणी, एक ओआरएसचं पाकीट (एका लिटरचं पाकीट पूर्ण एका लिटरमध्येच, अर्ध्या बाटलीत नाही), पेन्सिल (दमट कागदावर जेलपेन पसरतं), छोटा चिमटा कारण कॅश फिल्मच्या डबीत असेल तर आतली कागदाची गुंडाळी बोटांनी निघत नाही, बाबांचा वाचायचा चष्मा, जादा ट्यूब, पंप, पान्हा. तासाला अर्धा ते पाऊण लिटर घोटघोट प्या. बाबांना रक्तदाबाची, हृदयाची किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर मीठ-साखर-पाण्याचं प्रमाण आधी डॉक्टरांना विचारा. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे आले की लगेच सावली, ओला रुमाल मानेवर आणि रिक्षाने घरी. बोलणं असंबद्ध झालं तर वाट न बघता १०८.

रस्त्यावर एकही जिवंत कॅश नसेल तर तुम्हीच बाबांसाठी खासगी डबा ठेवा, मात्र सार्वजनिक जागी नाही. नातेवाइकांच्या अंगणात किंवा ओळखीच्या दुकानदाराला विचारून त्याच्या फळीवर. आदल्या दिवशी दोन वेगळ्या वेळी जाऊन पाच-पाच वाचनं घ्या आणि सरासरी काढा. जागेचे शेवटचे आकडे कोड्यात टाका. समजा, रेखांशाचे शेवटचे तीन आकडे २२९ आहेत: ‘पानशेत फुटलं ते साल वजा शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली ते साल.’ १९६१ वजा १७३२. अशा कोड्यात ते तुमच्या पुढे असतील. डब्यात खाऊ मात्र नको, मुंग्या तासाभरात लागतात.

सापडलेल्या कॅशमधून वस्तू घेतलीत तर तेवढ्याच मोलाची ठेवा. कागद भिजलेला असेल तर कोरी पट्टी झिपच्या पिशवीत घालून द्या, जूनचा पाऊस आलाच आहे. घरी आल्यावर नोंद दोघांनी वेगवेगळ्या खात्यांतून करा. न सापडलेल्या कॅशचीही करा, आणि डबा फुटलेला किंवा झाकण सैल दिसलं तर तेही लिहा. मालक ते वाचून पावसाआधी डबा बदलू शकतो.