वाचकांचे प्रश्न: दलदलीतली रेल्वे आणि सिनेटर महोन

प्रश्न: अमेरिकेत विल्यम महोन यांनी दलदलीवर टाकलेली रेल्वे अजून चालते, हे खरे का? ओंडके कुजत कसे नाहीत?

उत्तर: खरे आहे. १८५३मध्ये महोन नॉर्फोक-पीटर्सबर्ग रेल्वेचे मुख्य अभियंता झाले, तेव्हा व्हर्जिनियातली ग्रेट डिस्मल दलदल वाटेत आडवी होती. तिथली जमीन म्हणजे अर्धवट कुजलेल्या पाल्या-मुळांचा, पाण्याने भरलेला थर. नुसता भराव टाकला तर तो खचतच जातो. महोन यांनी झाडांचे ओंडके थरांनी एकमेकांवर काटकोनात अंथरले, वर भराव घातला आणि मग रूळ टाकले. त्यामुळे गाडीचा भार एका जागी न पडता पसरतो. लाकूड सतत पाण्याखाली राहिले की त्याला हवा मिळत नाही, म्हणून बुरशी धरत नाही. पाणी उतरले की मात्र कुजायला लागते. आजही त्या मार्गावरून कोळशाच्या जड मालगाड्या जातात.

प्रश्न: असा माणूस सिनेटमध्ये कसा पोचला?

उत्तर: रेल्वेच्याच वाटेने. यादवी युद्धात ते दक्षिणेकडून लढलेले जनरल. १८७०मध्ये त्यांनी तीन कंपन्या जोडून नॉर्फोक ते ब्रिस्टल ४०८ मैलांची एक कंपनी उभी केली. त्यासाठी राज्याच्या कायदेमंडळाची मंजुरी लागे, आणि तिथेच त्यांना राजकारणाची सवय लागली. १८७३च्या मंदीनंतर कंपनीला व्याज झेपेना. १८७६मध्ये ती रिसीव्हरच्या, म्हणजे न्यायालयाने नेमलेल्या कारभाऱ्याच्या, हाती गेली आणि १८८१मध्ये विकली गेली.

राज्यावरही कर्ज होते, बरेचसे युद्धापूर्वी कालवे आणि रेल्वेसाठी काढलेले. १८७१च्या कायद्याने रोख्यांची व्याजकुपने, म्हणजे व्याज मिळवण्यासाठी रोख्याला जोडलेल्या चिठ्ठ्या, कर म्हणून भरता येऊ लागली. तिजोरीत रोकडीऐवजी कागद जमले आणि शाळांना पैसा उरेना. कर्जाची फेरमांडणी मागणारा ‘रीॲडजस्टर’ पक्ष महोन यांनी बांधला. गोरे शेतकरी आणि कृष्णवर्णीय मतदार त्यात एकत्र आले, आणि आमच्या मते हेच त्यांचे सर्वांत मोठे काम. १८८२च्या कायद्याने मुद्दल सुमारे २ कोटी १० लाख डॉलरवर आणि व्याज ३ टक्क्यांवर आले.

१८८१मध्ये ते अमेरिकी सिनेटमध्ये गेले आणि त्यांनी रिपब्लिकनांना साथ दिली. बलाबल ३८-३८ झाले, निर्णायक मत उपाध्यक्षांकडे आले. त्यांची मुदत १८८७मध्ये संपली. रेल्वेतला राज्याचा वाटा विकून आलेल्या पैशांतून पीटर्सबर्गजवळ कृष्णवर्णीयांसाठी महाविद्यालय निघाले. आज ते व्हर्जिनिया स्टेट युनिव्हर्सिटी आहे.