जखमेतली लस आणि टोचायची लस

प्रश्न असा : 'जखमेतून लस येते' आणि 'लस टोचून घेतली' यांतली लस एकच का? शिवाय 'लसीचा' म्हणायचं की 'लशीचा'?

एकच. फोडातून किंवा जखमेतून पाण्यासारखं, जरा चिकट असं जे झिरपतं ती लस. १४ मे १७९६ रोजी इंग्रज डॉक्टर एडवर्ड जेन्नरने देवीचा रोग टाळण्यासाठी नेमकं तेच वापरलं. सारा नेल्म्स ही गवळण; तिच्या हातावर गाईच्या देवींचे (गाईंपासून लागणाऱ्या सौम्य रोगाचे) फोड उठले होते. त्यांतली लस घेऊन त्याने आठ वर्षांच्या जेम्स फिप्सच्या दंडावर बारीक चिरा पाडून त्यांत घातली. लॅटिनमध्ये 'व्हाका' म्हणजे गाय, त्यावरून व्हॅक्सिन. मराठीने गाय सोडली आणि फोडातलं पाणी धरलं. त्या काळचे इंग्रज डॉक्टरही त्या द्रवाला 'लिंफ' म्हणत. आपली लस त्यावरूनच रुळली असावी, असं मला वाटतं.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचलेली लस बगदादहून बसऱ्यामार्गे आली होती. तिच्या फोडातून ती पुढच्या मुलांना दिली गेली. लस जिवंत ठेवायची तर आठवडाभराने नवा दंड शोधावा लागे! लोक मात्र 'देवी काढल्या' किंवा 'देवी टोचल्या' असंच म्हणत राहिले.

१८८१ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चरने जेन्नरच्या सन्मानार्थ 'व्हॅक्सिन' हा शब्द इतर रोगांवरच्या लशींनाही लावला. १८९७ च्या जानेवारीत मुंबईत जंतुशास्त्रज्ञ हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. ती कशी केली होती? मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब सोडून त्यात जंतू वाढवले आणि मग उष्णतेने मारले. त्यात ना गाय, ना फोड. तरी नाव लसच.

आता रूप. म्हैस-म्हशीचा, तसं लस-लशीचा. 'लसीचा' वर्तमानपत्रांत सर्रास दिसतं, पण माझ्या कानाला 'लशीचा'च बरं लागतं. म्हणून 'लशीकरण' मात्र करू नका. 'लसीकरण'मधला 'ई' सामान्यरूपाचा नाही, तो 'शुद्धीकरण'मधला संस्कृत 'ई' आहे : जे नव्हतं ते करणं. काटेकोर अर्थ लावला तर लसीकरण म्हणजे लस नव्हती त्याची लस करणं, म्हणजे हाफकिनने रश्श्यात केलं ते.