वाचकांचे प्रश्न : चिलटे झोपवायची, मारायची नाहीत

प्रश्न : जनुकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला आम्ही चिलटे (ड्रॉसोफिला) इथरने बेशुद्ध करतो. उन्हाळ्यात निम्मी मरतात, उरलेली सूक्ष्मदर्शकाखाली मध्येच उठतात. दुसरे काय वापरावे?
– प्रयोगशाळा सहायक, नाशिकरोड

उत्तर : मेलेल्या चिलटांचे पंख पाहा. ते अंगाशी काटकोनात ताठ उभे असतील, तर इथर जास्त झाले. इथर ३५ अंश सेल्सियसच्या आसपास उकळते आणि नाशिकचा एप्रिल त्याच्याही वर जातो. थेंब तेवढेच घातले तरी वाफ भराभर होते, मात्रा हातात राहत नाही. चिलटांपेक्षा काळजी तुमची वाटते. ही वाफ हवेपेक्षा अडीच पट जड असते, टेबलावरून सरपटत लांबच्या स्पिरिटच्या दिव्यापर्यंत पोचते आणि भडका उडतो. साध्या फ्रिजमध्येही इथर नको, आतली ठिणगी पुरते. जुन्या बाटलीत स्फोटक पेरॉक्साइड साठतात. झाकणापाशी स्फटिक दिसले तर बाटलीला हात न लावता विभागप्रमुखांना सांगा. क्लोरोफॉर्मचा तर विचारच नको.

वर्गासाठी बर्फ उत्तम. चिलटे आधी रिकाम्या, कोरड्या काचनळीत झटकून घ्या आणि कापसाचा बोळा लावा. खाद्याच्या बाटलीतच गार केली तर ती खाद्यात पडून चिकटतात. नळी बारीक फोडलेल्या बर्फात खुपसा. तीन ते पाच मिनिटांत हालचाल थांबते. मग बर्फाच्या ट्रेवर पेट्री डिश, तिच्यात कोरडा टिपकागद आणि त्यावर चिलटे. बर्फात मीठ मात्र टाकू नका. तापमान शून्याखाली जाते आणि चिलटे गोठून मरतात. पावसाळ्यात डिशवर दव धरते, त्यात पंख चिकटतात, म्हणून टिपकागद दर काही मिनिटांनी बदला. मध्येच उठण्याचे कारण बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शकाच्या पिवळ्या बल्बची उष्णता असते, एलईडी लावा. वीसेक मिनिटांत काम उरका. परत सोडताना बाटली आडवी ठेवा, चिलटे चालू लागली की उभी करा.

प्रश्न : सोडा-व्हिनेगरचा वायू चालेल का?

उत्तर : चालेल. १० ग्रॅम खायचा सोडा आणि सुमारे १७५ मिलिलिटर व्हिनेगर (५ टक्के) यांतून जवळजवळ पावणेतीन लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. व्हिनेगर थोडे थोडे ओता, एकदम ओतलेत तर फेस नळीत चढतो. वायूच्या नळीत सैल कापूस भरा म्हणजे आंबट थेंब चिलटांवर उडणार नाहीत, आणि नळीचे टोक बोळ्याच्या कडेने आत सरकवा. सोडा-व्हिनेगरची बाटली कधीही घट्ट बंद करू नका, दाबाने फुटेल. चिलटे काही सेकंदांत पडतात, पण वायू थांबला की लगेच उठतात, त्यामुळे मोजणीपेक्षा एका बाटलीतून दुसरीत बदली करायलाच हा उपाय बरा. कोशातून नुकत्याच निघालेल्या चिलटांना हा वायू सोसत नाही. मीलनाचे निरीक्षण करायचे असेल तर मध्ये एक दिवस जाऊ द्या. सिलिंडर वापरणार असाल तर खिडक्या उघड्या हव्यात. हा वायूही जड, खाली साचतो.